डबीतला वास

नांदेड स्टेशनापासून बेघर निवारा काही फार लांब नाही, पण मंजुश्री रोज चालतच जायची. पत्ता सांगितला की रिक्षावाला आरशातून एकदा तिच्याकडे आणि एकदा तिच्या पिशवीकडे बघायचा, ते तिला नको वाटायचं. पिशवीत एक लाकडी खोका होता आणि खोक्यात तपकिरी काचेच्या बाटल्या. लॅव्हेंडर, गवती चहा, संत्र्याची साल, लवंग, चंदन, कापूर, वाळा. चालताना त्या एकमेकींवर किणकिणायच्या. दिवसभरात तिच्या सोबतीला तेवढाच आवाज असे.

मंजुश्री लातूरची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि बोलण्यात नेमकी. कुणी ‘थोडंसं’ म्हटलं की ती विचारायची, थोडंसं म्हणजे किती? आईनं यावरून तिचं नाव ‘तागडी’ ठेवलं होतं. एका संस्थेला बघायचं होतं की रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांच्या मनातली सततची धास्ती सुगंधानं कमी होते का. परदेशात असले प्रयोग झाले होते. इकडं कुणी केले नव्हते. मंजुश्रीला ते काम मिळालं, तिनं नांदेडातच तरोड्याला एक खोली भाड्यानं घेतली आणि तिला कळलं की बेघर माणसांबद्दल आपण वाचलं पुष्कळ आहे, पण त्यांच्याशी बोलायचं काय ते आपल्याला ठाऊक नाही. खोलीवर परत आल्यावर भिंतीपलीकडून घरमालकाच्या टीव्हीचा आवाज यायचा. कोणती मालिका चालू आहे हे ती आता आवाजावरून ओळखायला लागली होती.

पहिले काही दिवस तर फजितीचेच गेले. तिनं कापसाच्या बोळ्यांवर लॅव्हेंडर घालून सगळ्यांना दिलं. निवाऱ्याची देखरेख करणारी कोंडाबाई आतून ओरडत आली, की संडास मी आत्ताच धुतलाय, परत कुणी धुतला? त्या वासाशी तिथल्या कुणाचीच दुसरी ओळख नव्हती. सगळ्यांना तो दवाखान्याचा, फरशीचा, आजारपणाचा वास वाटला. भोकरकडचा व्यंकट पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. दात गेले तसं वाजवणंही गेलं आणि मग घरही गेलं. तो बोळा लांब धरून म्हणाला, “ताई, आमचाच वास लई हाय. त्यात तुमचा कशाला खर्च करून राहिल्या?”

धास्ती मोजायची कशी, हाही प्रश्न होता. संस्थेनं दिलेल्या पद्धतीत आकड्यांवर खूण करायची होती, पण आकड्यांवर बोट ठेवायला लोक कचरायचे. हे कागद पुढं कुठं जातील, ही त्यांना भीती. म्हणून मंजुश्रीनं स्टीलचा पेला आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. आज मनात धाकधूक जितकी असेल तितकं पाणी पेल्यात ओता. हे मात्र सगळ्यांना जमलं. व्यंकटनं पहिल्याच दिवशी पेला काठोकाठ भरला, तिच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकला आणि म्हणाला, आता रिकामा झाला, तसं लिहा. सगळे हसले. मंजुश्रीही हसली. नांदेडला आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

कोपऱ्यातली शरणम्मा तेवढी हसली नाही.

शरणम्मा भिंतीला पाठ लावून बसायची आणि रात्रीही तशीच बसलेली असायची, असं कोंडाबाई सांगे. मूळची देगलूरकडची. बोलताना मधूनच कानडी शब्द यायचा, पोरीबाळींना ती ‘अव्वा’ म्हणायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या पोरांच्या मेसमध्ये तिनं वर्षानुवर्षं भाकरी थापल्या आणि मेसच्याच मागच्या खोलीत झोपली. कोरोनात मेस बंद पडली, पोरं गेली, खोलीही गेली. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पोटभर मिळतं, हे कुणीतरी सांगितलं म्हणून ती इकडं आली. तिचा उजवा हात सारखा गळ्याशी असायचा. तिथं दोऱ्यात एक चांदीची डबी होती. झिजून गुळगुळीत झालेली.

ती डबी कसली, हे मंजुश्रीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरीही तशीच परंपरा. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याचं इष्टलिंग देतात. काळ्या लेपाचं, सुपारीहून थोडं मोठं. ते अशा डबीत घालून जन्मभर गळ्यात राहावं, रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करावी आणि पूजेचं तीर्थ पोटात गेल्यावर मगच अन्नपाण्याला हात लावावा, अशी रीत. लातुरात तिच्या पिढीतले किती जण हे पाळत होते, हा भाग वेगळा.

पहिल्या दिवशी शरणम्मानं पेल्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं आधी मंजुश्रीचं आडनाव विचारलं, मग गाव, मग गंजगोलाईच्या बाजारात वडलांचं दुकान कुठल्या बाजूला, ते विचारलं. सगळं जुळल्यावर तिची नजर मंजुश्रीच्या गळ्यावर गेली.

“वान्याची पोर हायेस. लिंग कुठं हाय?”

मंजुश्री म्हणाली, घरी आहे, देवघरात.

“घरी कशाला? मरन काय घरी येऊन भेटनार हाय?”

मंजुश्रीला वाटलं की म्हातारी थट्टा करते आहे. थट्टा नव्हती, हे कळायला तिला पुढचे काही दिवस लागले. शरणम्मा ज्याला भीत होती ते उपासमारीचं किंवा आजारपणाचं भय नव्हतं. स्टेशनाबाहेर एक म्हातारा मेलेला तिनं बघितला होता. त्याचं कुणी नव्हतं. गाडी आली, त्याला घेऊन गेली आणि बेवारस म्हणून त्याला जाळलं, असं तिच्या कानावर आलं. लिंगायताला जाळत नाहीत. त्याला बसवून पुरतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. शरणम्माकडं ना आधार कार्ड होतं ना कुणी नातेवाईक. आपण कोण, हे सांगणारी एकच गोष्ट तिच्यापाशी होती आणि ती गळ्यात होती. चांदीची होती म्हणून चोरीलाही जाऊ शकत होती. म्हणून ती झोपत नव्हती. झोपली तरी बसल्या बसल्या, कोंबडी झोपते तशी.

“डबी गेली तर मी कोन ऱ्हायले?” एकदा तिनं एवढंच म्हटलं.

आणखी एक गोष्ट मंजुश्रीच्या नजरेनं टिपली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, कुणाचं भांडण झालं, एखादा अनोळखी माणूस आत आला की शरणम्मा डबी नाकाशी न्यायची. क्षणभरच. मग खांदे खाली यायचे. मंजुश्री बाटल्या घेऊन आली होती खरी, पण या बाईपाशी तिचा सुगंध आधीपासूनच होता. ती त्याच्यावरच बेताबेतानं दिवस काढत होती.

तो वास कसला असेल, याचं मंजुश्रीला फार कुतूहल वाटायला लागलं. डबीला हात लावू द्या, असं म्हणणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही. पण एका दुपारी वाळ्याच्या तेलाचा बोळा पुढं करताना ती शरणम्माच्या अगदी जवळ वाकली, त्याच वेळी म्हातारीनं डबी उचलली, आणि तो वास तिला मिळाला. विभूती आधी. मग जुना झालेला कापूर. दाताला लावायच्या मिश्रीचा जळका वास, खोबरेल तेल, लवंग, घाम, आणि खाली खोल मातीसारखं काहीतरी ओलसर. तिनं डोळे मिटून तो एकेक करून मनात मांडून ठेवला. तशी तिला सवयच होती.

वाळा मात्र शरणम्माला आवडला. माहेरी उन्हाळ्यात रांजणात वाळ्याची जुडी टाकायचे, असं ती म्हणाली, आणि बोळा तिनं उशाशी ठेवून घेतला. एप्रिल महिना होता. नांदेडचं ऊन भिंतींतून आत येत होतं. दुसऱ्या दिवशी कोंडाबाईनं दारातच सांगितलं की शरणम्मा रात्री आडवी झाली होती. त्याच्या पुढच्या रात्रीही झाली. मंजुश्रीला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगावा ते सुचेना. तिनं संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, छान, फोटो पाठव. मग भिंतीपलीकडची मालिका ऐकत ती बराच वेळ एकटीच हसत बसली.

मग ती सकाळ आली.

कोंडाबाईचा फोन उजाडताच आला. मंजुश्री पोचली तेव्हा शरणम्मा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात गळ्याशी होता, नेहमीसारखा. फक्त हाताखाली काही नव्हतं. दोरा ब्लेडनं कापलेला होता. त्याचं एक टोक पदराला चिकटून राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आलेले दोघं जण पहाटेच निघून गेले होते. तेच की आणखी कुणी, कोण सांगणार? कोंडाबाई रडकुंडीला आली होती. व्यंकट दाराशी बसून जमिनीकडं बघत होता.

“ही बाई झोपत नव्हती ना, म्हनून इतके दिस टिकलं ते,” तो म्हणाला. मंजुश्रीला टोमणा मारायचा म्हणून नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं.

उशाशी वाळ्याचा बोळा पडला होता. मंजुश्रीनं तो उचलून पिशवीत टाकला. तिनं या बाईची धास्ती कमी केली होती, आणि ती धास्तीच त्या डबीचं कुलूप होती. हे तिच्या आधी लक्षात यायला हवं होतं. तिला शिकवलंच ते होतं, की कुठलीही गोष्ट काढून टाकण्याआधी ती तिथं काय काम करते आहे ते बघावं.

कोंडाबाईनं पाण्याचा पेला पुढं केला. शरणम्मानं तोंड फिरवलं.

“लिंगाचं पानी पोटात गेल्याबिगर कसं प्यायचं?”

मंजुश्री समजावत राहिली. आज्जी, ऊन किती आहे बघा. आज्जी, देवाला हे कसं चालेल? शरणम्मा ऐकत होती आणि नुसती मान हलवत होती. त्यात रागही नव्हता आणि हट्टही नव्हता, म्हणून मंजुश्रीला जास्त भीती वाटली. दवाखान्यात नेऊन सलाईन लावता आलं असतं. कोंडाबाई म्हणाली, मागं एकीला तसं नेलं होतं, तिनं सुई उपटून टाकली.

मंजुश्रीनं मग डोकं चालवलं. चोराला चांदी हवी, आतला दगड त्याच्या काय कामाचा? तो त्यानं जवळपासच टाकला असणार. ती आणि व्यंकट निवाऱ्याच्या मागं गेले. बाभळीची झुडपं, फाटकी पोती, नालीचा कडा सगळं त्यांनी काठीनं उलथून बघितलं. काही मिळालं नाही. लातूरच्या मठातल्या एका स्वामींचा नंबर तिनं घरातून मिळवला. ते प्रेमानं बोलले. म्हणाले, गेलं तर गेलं, नवं देता येतं, त्याला दीक्षा आहे, सोमवारी बाईंना घेऊन या. आज गुरुवार होता. तिनं हे शरणम्माला सांगितलं. शरणम्मा म्हणाली, “नवं दुसऱ्या कुनाला देतील. माझं लिंग गेलं म्हंजे मी गेले.”

तिला तिचंच हवं होतं.

मंजुश्रीनं दहाच्या सुमाराला लातूरची बस पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती आणि दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. ती काय करायला निघाली आहे, हे चाकूर मागं पडेपर्यंत तिनं स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं.

आई, महामाया, तिला असं भर दुपारी दारात बघून घाबरलीच. मंजुश्री म्हणाली, काही नाही, माझं लिंग न्यायला आले. आई क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदरानं डोळे टिपले. किती वर्षं ती मागं लागली होती. बारावी झाली की घाल, कॉलेज झालं की घाल, आणि मुलगी दरवेळी हसून विषय बदलायची. परगावी एकटी राहून तरी हिला शहाणपण आलं, असं ती शेजारणीला खिडकीतून सांगायला लागली. मंजुश्रीला ते ऐकवेना. पण खरं सांगितलं असतं तर आईनं लिंग दिलं नसतं. आपलं लिंग दुसऱ्याला द्यायचं नसतं. तेही मंजुश्रीला माहीत होतं.

देवघरातल्या कप्प्यात लाल फडक्यात बांधलेलं ते लिंग तिनं हातात घेतलं. तिच्या जन्मानंतर ते स्वामींनी दिलं, बारशाला पाळण्याला बांधलं, नंतर कधीमधी सणाला गळ्यात आलं, आणि मग फडक्यातच राहिलं. तिनं ते नाकाशी नेलं. कशाचाच वास येत नव्हता. फडक्याचाही नाही.

आई शेवयांची खीर करायला स्वयंपाकघरात गेली. मंजुश्रीनं आतल्या खोलीचं दार लावलं आणि खोका उघडला. देवघरातून आणलेली विभूती तिनं लिंगावर चोळून पुसली, पुन्हा चोळली. कापराचा चुरा, दोन दिवस उघडा पडल्यासारखा वाटेल इतकाच. लवंगेचं तेल सुईच्या टोकानं. डोक्याचं खोबरेल आईच्या बाटलीतून. मिश्री शेजारणीकडून मागून आणली, दात दुखतोय असं सांगून. आणि तळाशी, मातीसारख्या त्या ओल्या वासासाठी, वाळा. ती कागदाच्या पट्टीवर वास घेई, मान हलवी, पुसून टाकी, पुन्हा लावी. कॉलेजात इतक्या एकाग्रतेनं तिनं कुठलंच काम केलं नव्हतं. घाम तेवढा बाटलीत मिळत नाही. तिनं लिंग स्वतःच्या मुठीत धरलं आणि बसमध्ये बसल्यावरही मूठ उघडली नाही.

परत पोचायला दिवेलागण झाली. शरणम्माचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मंजुश्री दारातच म्हणाली, मिळालं. चांदी काढून घेतली मेल्यांनी, आतलं बाभळीच्या झुडपात टाकून दिलं होतं. व्यंकटनं वर बघितलं. ती झुडपं सकाळी त्यानं स्वतः काठीनं झोडपली होती. तो परत जमिनीकडं बघायला लागला.

शरणम्मानं दोन्ही हात पुढं केले. तिनं लिंग घेतलं आणि नाकाशी नेलं. या वेळी क्षणभर नाही. ती श्वास घेत राहिली, सोडत राहिली, आणि मंजुश्री दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हातारीनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. त्यानंतर तिनं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं, कोंडाबाईला पाणी मागितलं, लिंगावर घातलं, ओठ हलवत काही पुटपुटली आणि ते पाणी प्याली. मग तांब्याभर प्याली.

कोंडाबाई रडायला लागली. मंजुश्री बाहेर ओट्यावर येऊन बसली. तिला वाटलं होतं की हलकं वाटेल.

उलट पुढचे दिवस ती आणखीच एकटी पडली. जे केलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, घातलंस का? ती म्हणायची, घातलं. ऑफिसातल्या बाईंना तिनं कळवलं की वाळ्याचा प्रयोग थांबवला आहे. कारण विचारल्यावर तिनं ‘कारणं स्थानिक आहेत’ असं सांगितलं. या उत्तरात नेमकं काहीच नव्हतं, आणि कुणी ते विचारलंही नाही.

आणि एक भीती तिच्या मानेवर बसली होती. कापूर आधी उडून जातो, मग लवंग, शेवटी वाळा. हे तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो वास विरणार होता. मग म्हातारीच्या नाकाला एका अनोळखी पोरीचा कोरा दगड लागणार होता, आणि ती पुन्हा पाण्यावरून तोंड फिरवणार होती. मंजुश्री रोज जायची, इतरांना गवती चहाचे बोळे द्यायची आणि कोपऱ्यातल्या हाताकडं बघत राहायची. शरणम्मानं चिंधीची पिशवी शिवून लिंग त्यात ठेवलं होतं आणि पिशवी चोळीच्या आत. हॉर्न वाजला की ती ती पिशवी अजून नाकाशी नेत होती. खांदे अजून खाली येत होते. कापूर उडून गेला असणार, लवंगही गेली असणार. तरी तेच. रात्री ती आडवी होऊन झोपते, असं कोंडाबाई सांगत होती. हे मंजुश्रीला कुठल्याच हिशेबात बसवता येईना.

एका दुपारी निवाऱ्यात कुणी नव्हतं. सगळे लंगरला गेले होते. शरणम्माच्या पायाला सूज होती म्हणून ती मागं राहिली होती. मंजुश्री तिच्यासमोर बसून पेला आणि तांब्या मांडत होती, तेव्हा शरणम्मानं चोळीतून पिशवी काढली आणि तिच्या नाकासमोर धरली.

“घे. बघ येतो का वास.”

मंजुश्रीनं श्वास घेतला. विभूती होती. खोबरेल होतं, मिश्री होती, लंगरच्या डाळीचा किंचित वास होता, घाम होता. पण तिनं लावलेला कापूर, लवंग, वाळा, यातलं आता काही नव्हतं. हा वास तिनं केलेला नव्हता.

“नव्याला वास धरायला टाइम लागतो,” शरणम्मा म्हणाली. “धरतो पन.”

मंजुश्रीनं हातातला तांब्या खाली ठेवला. तिनं विचारलं, कधी कळलं?

“त्याच टायमाला. त्यात वाळा होता. माझ्या लिंगाला वाळ्याचा वास कधीच न्हवता, अव्वा. वाळा तुझ्या बोटांचा.”

मंजुश्रीच्या डोळ्यांपुढं ती दुपार आली. ती वाकली होती, तिच्या हातात वाळ्याचा बोळा होता, आणि त्या खोल, ओलसर, मातीच्या वासाला ती शरणम्माचा वास समजून बसली होती. पहिल्या वर्षाच्या पोरानंही अशी चूक केली नसती. भांडं धुतल्याशिवाय दुसरा नमुना घ्यायचा नसतो.

“मग पाणी का प्यालात, आज्जी?”

“तहान लागली व्हती की.”

म्हातारी हसली. वरचे दोनच दात दिसले. मग ती पिशवी परत चोळीत ठेवत हळूच म्हणाली, “दिसभर दिसली न्हाईस, तवाच कळलं, लातूरला गेलीस. माझ्यापायी उन्हातानात कोन जाऊन येईल, असं मला कुनी न्हवतंच. तवा वाटलं, आता मेले तर ही पोर सांगंल. ही लिंगायताची बाई हाय, हिला जाळू नका, पुरा. सांगशील न्हवं?”

मंजुश्री म्हणाली, सांगेन.

“झालं मग.”

बाहेर पंख्याच्या पात्यासारखी हवा कोरडी फिरत होती. शरणम्मानं सुजलेला पाय दाबला, पदर नीट केला, आणि थोड्या वेळानं विचारलं की हे आहे तरी कुणाचं? मंजुश्री खोटं बोलून थकली होती. तिनं सांगितलं, माझं आहे. स्वामींनी मला दिलेलं.

शरणम्माचा चेहरा बदलला. तिचा हात चोळीतल्या पिशवीशी गेला आणि तिथंच थांबला. ती परत देईल, असं मंजुश्रीला वाटलं, पण तिनं तो हात काढला नाही. तिला आता ते देता येणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. तिनं मंजुश्रीच्या उघड्या गळ्याकडं बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच, पण या वेळी त्यात टोमणा नव्हता.

“आन तुझ्या हातात काय ठेवतील गं?”

मंजुश्रीनं उत्तर शोधलं. तिला आई आठवली, लातूर आठवलं, देवघरातला रिकामा कप्पा आठवला, तरोड्याची खोली आणि भिंतीपलीकडचा आवाज आठवला. संध्याकाळी आईचा फोन येईल, ‘घातलंस का?’ म्हणून, तेही आठवलं.

शरणम्मानं पेला तिच्याकडं सरकवला आणि तांब्या त्याच्या शेजारी ठेवला. “रोज आमालाच इचारतीस,” ती म्हणाली. “आज तू दाव.”

मंजुश्रीनं तांब्या उचलला आणि पाणी ओतायला लागली. पेल्याचं बूड झाकलं, मग अर्धा झाला, आणि कुठं थांबायचं ते तिला ठरवता येईना.